संधिवात आणि कोरडी त्वचा

(धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही संधिवाताबरोबर जगणारी माणसे. उतारवयात गुडघे झिजून होणारा संधिवात वेगळा आणि आमचा वेगळा. याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांची बोटे व मनगटे सुजतात, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा रोग दोन ते तीन पट अधिक होतो. सांध्यांबद्दल दवाखान्यात बोलणे होते, त्वचेबद्दल मात्र राहून जाते. थंडी तोंडावर आली आहे, म्हणून आज तेवढाच विषय घेतला आहे.

आमची त्वचा कोरडी का पडते? त्याला कारणे अनेक आहेत. काहींना या रोगाबरोबर शोग्रेन नावाचा विकार होतो. त्यात डोळे, तोंड आणि त्वचा कोरडी पडते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसारख्या गोळीने काहींना खाज सुटते, त्वचा कोरडी किंवा काळसर होते. स्टेरॉइड फार दिवस घेतल्यास कातडी पातळ होते आणि जरा लागले तरी काळेनिळे डाग पडतात. त्यात विदर्भ-मराठवाड्यातील कोरडी थंडी, आणि रोजचे धुणे-भांडी. दुखरे सांधे शेकावेत म्हणून आम्ही कढत पाणी अंगावर घेतो. सांध्यांना बरे वाटते, पण त्वचेवरचे नैसर्गिक तेल धुऊन जाते.

उपाय खर्चाचे नाहीत. आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत आटोपावी. साबण काखा, जांघा आणि पाय एवढ्यापुरताच लावावा. अंग खसखसा पुसू नये, टॉवेलने टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली, साधे मलम किंवा खोबरेल तेल लावावे. वासाची क्रीम नको. मोहरीच्या तेलाने कोरड्या त्वचेची आग होऊ शकते. तेल लावल्यावर पाय घसरणार नाही याची काळजी घ्यावी. स्टेरॉइड घेणाऱ्यांची हाडे ठिसूळ झालेली असू शकतात. भांडी घासताना रबरी हातमोजे व त्यांच्या आत सुती मोजे वापरावेत. टाचांना रात्री जेली लावून सुती मोजे घालावेत. भेगा पडलेल्या जागी दुखण्याचा बाम चोळू नये.

खरी अडचण पुढेच आहे. वाकड्या झालेल्या बोटांनी बाटलीचे झाकण उघडत नाही, पाठीपर्यंत हात पोचत नाही. यासाठी मलम रुंद तोंडाच्या डबीत काढून ठेवावे किंवा दाबून काढायची बाटली घ्यावी. आणि घरच्या मुलांनी आईच्या पाठीला, टाचांना तेल लावून द्यावे. विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुमचे आहे.

औषधांविषयी एक कळकळीची विनंती. ‘गोळी गरम पडते’ असे म्हणून कित्येक जण मनाने औषध बंद करतात. तसे केल्यास सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगावे. मात्रा किंवा गोळी बदलता येते. मेथोट्रेक्झेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. आमच्या औषधांनी रोगप्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून साधी भेगही चिघळू शकते. भेगेभोवती लाली, सूज, पू, ताप, पायावर न भरणारी जखम, नखांजवळ काळे ठिपके किंवा तोंडात फोड दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

विनयपिटकातील महावग्गात आजारी भिक्खूंसाठी तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित म्हणजे काकवी या पाच औषधांना तथागतांनी अनुमती दिल्याचे नमूद आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत पूतिगत्त तिस्स या भिक्खूची कथा आहे. अंगभर फोड फुटले, तेव्हा सोबतच्यांनी त्याला टाकून दिले. भगवान बुद्धांनी स्वतः पाणी तापवले आणि त्याला आंघोळ घातली.

ही कथा आम्ही मुद्दाम सांगतो. आमची भेगाळलेली, डागाळलेली कातडी पाहून लोक पाण्याचा पेला वेगळा ठेवतात, मुलीचे लग्न अडते, सून स्वयंपाकघराबाहेर बसते. हा रोग स्पर्शाने होत नाही. एकत्र जेवल्याने, एका भांड्यात पाणी प्यायल्याने तो कोणालाही लागत नाही. शिवाशिवीचे दुःख काय असते हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. ज्या पाण्याच्या हक्कासाठी १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला सत्याग्रह केला, त्या पाण्याचा पेला निदान आपल्या घरात तरी वेगळा असू नये.

मैत्री आणि करुणा वंदनेपुरती न राहता आजाऱ्याच्या हातापायांना तेल लावण्यापर्यंत पोचावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आम्ही रजा घेतो.

नमो बुद्धाय! जय भीम!