मंत्री पुन्हा मतदारांच्या दारात



आपण आज मुरूडमध्ये बसलोय. 1937 साली प्रांतिक निवडणुका झाल्या, तेव्हा मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन जंजिरा संस्थानात होते. इथे ती निवडणूकच नव्हती. शेजारी अलिबागेत, ब्रिटिश मुलखात, मत होतं. तेही मुख्यतः मालमत्ता किंवा शिक्षण असलेल्यांना.

त्याच वर्षी संयुक्त प्रांतात हाफिज मुहम्मद इब्राहिम मुस्लिम लीगकडून निवडून आले आणि काँग्रेसमध्ये जाऊन मंत्री झाले. लीगने आक्षेप घेतला. त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला, पोटनिवडणूक लढवली आणि काँग्रेसतर्फे पुन्हा जिंकले. ब्रिटनमध्ये तर पूर्वी तसा कायदाच होता. 1908 मध्ये नवे मंत्री चर्चिल अशाच पोटनिवडणुकीत मँचेस्टरला हरले.

इब्राहिम यांचा पक्षबदल बरोबर की चूक, यावर खुशाल वाद घाला. पण ते मतदारांकडे परत गेले. आजच्या पक्षांतरबंदी कायद्यात दोन तृतीयांश आमदार विलीनीकरणाच्या नावाखाली न विचारता जाऊ शकतात.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे अटी बदलल्या की वापरणाऱ्याची संमती पुन्हा घ्यावी लागते. मतदाराची का नको?

आपल्या आजोबांना मत नव्हतं, आपल्याला आहे. आज घरी गेल्यावर मतदार यादीत नाव तपासा. उमेदवार दारात आला की विचारा: पक्ष बदललात, तर परत याल का?