पर्यटनाचे संस्कार आणि हातातील मोबाइल

(सांगवी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सांगवीला लागून वाहणारी पवना मावळातून येते. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे तिच्या खोऱ्याचे जुने पहारेकरी. शेजारची इंद्रायणीही त्याच डोंगरांतून निघून देहू-आळंदीला जाते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत आठवडाभर राबणारा माणूस पावसाळ्यातील रविवारी या खोऱ्यांकडे ओढला जातो, हे स्वाभाविकच आहे. चिंता वाटते ती तेथील त्याच्या वागण्याची. हे वागणे बिघडवण्यात हातातील मोबाइलचा वाटा मोठा आहे.

15 जून 2025 च्या रविवारी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळला. चौघांचा मृत्यू झाला, पन्नासहून अधिक जण जखमी झाले. जीर्ण पूल वेळीच हटवला न जाणे हा प्रशासनाचा दोष होताच. परंतु धोक्याची सूचना असतानाही त्या अरुंद पुलावर एकाच वेळी मोठी गर्दी होती, दुचाकीही होत्या. वाढलेले पाणी पाहत, छायाचित्रे टिपत माणसे तेथेच रेंगाळली होती. या बेपर्वाईचा जाब कोणाला विचारायचा?

त्याआधी 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळील धबधब्यात पुण्यातील एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्याचे खापर मोबाइलवर फोडणे अन्यायाचे होईल. मात्र डोंगरात पाऊस वाढला की खाली पाणी किती वेगाने चढते, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने धोकादायक स्थळी सेल्फी आणि रील काढण्यास मनाई करणारे आदेश काढले. तरीही त्याच जुलैत रायगड जिल्ह्यातील कुंभे धबधब्याजवळ चित्रीकरणाच्या वेळी एक तरुणी खोल दरीत कोसळून मृत्युमुखी पडली.

यामागची मनोवृत्ती समजून घ्यायला हवी. सेल्फी काढणारा त्या स्थळाकडे पाठ करून उभा असतो. पाठीमागचे पाणी आणि पायाखालचे शेवाळ त्याला दिसत नाही. दिसतो तो पडद्यावरचा स्वतःचा चेहरा. ते चित्र ठावठिकाण्यासह शेकडो मोबाइलवर पोहोचते आणि पुढच्या रविवारी तितकीच माणसे त्याच कड्यावर, त्याच मुद्रेत उभी राहू पाहतात. चार माणसांपुरत्या वाटेवर चारशे येतात. गावचा रस्ता अडतो, रुग्णवाहिकाही अडते.

दुसरी विकृती ग्राहकपणाची आहे. ‘पैसे मोजले, म्हणजे सारे आपलेच’ हा अहंकार पूर्वीही होता. मोबाइलने त्याच्या हाती ताऱ्यांचे शस्त्र दिले. घरगुती निवासाच्या मालकाने मध्यरात्रीचा धिंगाणा थांबवायला सांगितला, की ‘एकच तारा देऊ’ ही धमकी तयार! खोटा अभिप्राय लिहिणाऱ्यास दोन मिनिटे पुरतात. त्या कुटुंबाचा मात्र हंगाम बुडू शकतो. प्रामाणिक तक्रार हा ग्राहकाचा हक्कच आहे, पण तक्रारीचा धाक घालून सवलत उकळणे ही सरळसरळ अडवणूक होय.

गडाच्या भिंतीवर कोळशाने नाव लिहिणारे महाभाग मोबाइलपूर्वीही होतेच. या यंत्राने त्या जुन्या हौसेला नवा प्रेक्षकवर्ग मिळवून दिला. 11 जुलै 2025 रोजी लोहगड, शिवनेरी, राजगड, रायगडासह शिवरायांच्या स्वराज्याशी नाते सांगणाऱ्या 12 दुर्गांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यानंतर तर आपले उत्तरदायित्व वाढले आहे. तटावर चढून नाचणाऱ्याने शिवरायांचा जयघोष केला, म्हणून त्या तटाचा ढासळणारा चिरा सावरत नाही.

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. जपानमधील फुजिकावागुचिको या गावाने छायाचित्रांसाठी होणाऱ्या बेशिस्तीला कंटाळून मे 2024 मध्ये चक्क फुजी पर्वताच्या दृश्याआड पडदा उभारला. केदारनाथ मंदिरात जुलै 2023 मध्ये मोबाइल वापरण्यास आणि चित्रीकरणास बंदी करावी लागली. शिस्त आतून आली नाही, की ती बाहेरून लादावी लागते.

शासनाने कठडे आणि सुरक्षित पूल उभारावेत, गर्दीची मर्यादा ठरवावी, हे आवश्यकच आहे. पण प्रत्येक दगडापाशी पोलीस उभा राहू शकत नाही. दुर्घटना घडली की शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे तरुण स्वतःचा जीव धोक्यात घालून दरीत उतरतात. आपल्या क्षणिक हौसेची किंमत त्यांनी का मोजावी?

संघाने शताब्दीच्या निमित्ताने मांडलेल्या पंचपरिवर्तनात नागरिक कर्तव्याचा समावेश आहे. त्याचा आरंभ सहलीच्या तयारीपासून करता येईल. निघण्यापूर्वी त्याच मोबाइलवर हवामान खात्याचा इशारा पाहावा. 112 हा आपत्कालीन क्रमांक मुलांनाही पाठ असावा. पाण्याच्या काठी आणि कड्यावर मोबाइल खिशातच राहील, असा नियम घरातील वडीलधाऱ्यांनी आधी स्वतः पाळावा. अभिप्राय लिहिण्याअगोदर यजमानाशी समोरासमोर बोलावे. नाजूक, अरुंद जागांचा ठावठिकाणा जगजाहीर करू नये. मुले उपदेशापेक्षा आई-वडिलांचे आचरण पाहून शिकतात. येत्या पावसाळ्यात सांगवीतून मावळाकडे निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एवढे पथ्य पाळले, तर संध्याकाळी सारेजण सुखरूप घरी परततील आणि ज्यांच्या गावी आपण पाहुणे म्हणून गेलो, त्यांनाही आपण पुन्हा यावे असे वाटेल.