कॅमेऱ्याची दोन चित्रे

श्रावणात देवरूखहून मारळच्या वाटेला लागलेला हौशी छायाचित्रकार मार्लेश्वरचा धबधबा टिपतो, तेव्हा कॅमेऱ्याच्या पाठीवरील लहानशा पडद्यावर पाहून त्याला मोठे समाधान वाटते. डोंगराची हिरवाई गर्द, पाणी शुभ्र, वाटेवरची माती तांबडीलाल. घरी येऊन तो तीच रॉ फाईल संगणकावर उघडतो. क्षणभर तेच चित्र दिसते आणि मग डोळ्यांदेखत त्याचे तेज उतरते. हिरवा रंग मळकट होतो, सावल्या काळवंडतात. फाईल बिघडली असे समजून कित्येक जण ती पुसूनही टाकतात. वस्तुतः काहीही बिघडलेले नसते. मात्र त्या गैरसमजापायी पुन्हा न मिळणारी वस्तू हातची जाते.

रॉ फाईल हे चित्र नव्हे. ती प्रकाशाची कच्ची नोंद आहे. कॅमेऱ्यातील संवेदक स्वतः रंग ओळखत नाही, केवळ प्रकाशाचे प्रमाण मोजतो. त्याच्या प्रत्येक बिंदूवर तांबडी, हिरवी किंवा निळी अशी एकच गाळणी असते. ही मांडणी ईस्टमन कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांची असून तिचे पेटंट १९७६ साली मिळाले. तीत निम्म्या गाळण्या हिरव्या आणि उरलेल्यांत निम्म्या तांबड्या व निम्म्या निळ्या असतात. प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने काढावे लागतात. मग पांढऱ्याचा समतोल, उजेड-सावलीचा चढउतार, रंगांची गडदता व रेषांची धार यांविषयी कोणी तरी निर्णय घ्यावा लागतो, तेव्हा चित्र सिद्ध होते.

जेपेग फाईल करताना हे सर्व निर्णय कॅमेरा स्वतःच घेतो. रॉ फाईल उघडताना ते संगणकातील आज्ञावली घेते. क्षणभर दिसलेले पहिले चित्र म्हणजे रॉ फाईलच्या पोटात कॅमेऱ्याने ठेवलेली लहान जेपेग प्रत होय. त्यानंतर दिसते ते आज्ञावलीने केलेले चित्र. धान्य एकच, पण रांधणारे हात दोन, म्हणून चवीत फरक पडतो. काही कॅमेरे तर शुभ्र भागातील तपशील जपण्यासाठी मुद्दाम कमी उजेड घेतात आणि आपल्या जेपेगमध्ये सावल्या उजळून देतात. ही गोष्ट परक्या आज्ञावलीला उमगली नाही की धबधब्यामागचा कडा काळाठिक्कर दिसू लागतो.

ही दोन चित्रे जुळवावयाची कशी? सर्वांत सरळ मार्ग म्हणजे कॅमेरा करणाऱ्या कंपनीचीच आज्ञावली वापरणे. निकॉनची एनएक्स स्टुडिओ व कॅननची डिजिटल फोटो प्रोफेशनल या विनामूल्य आज्ञावल्या कॅमेऱ्यावर निवडलेल्या छटा ओळखतात. फुजीफिल्मने २०१७ साली याहून पुढची युक्ती काढली. तीत कॅमेरा तारेने संगणकास जोडला असता रॉ फाईलवरील संस्कार कॅमेऱ्यातील यंत्रणाच करते. पुष्कळ कॅमेऱ्यांत संगणकावाचूनही रॉचे जेपेग करण्याची सोय असते.

दुसऱ्याची आज्ञावली वापरणाऱ्याने प्रथम त्या कॅमेऱ्याशी मिळता रंगसाचा निवडावा. लाइटरूममध्ये असे साचे दिलेले असतात. रॉथेरपी ही विनामूल्य आज्ञावली तर पोटातल्या जेपेग प्रतीशी ताडून उजेडाची वक्ररेषा आपोआप बसविते. एवढ्याने भागले नाही, तर हाताने काम करावे, पण क्रम सोडू नये. आधी पांढऱ्याचा समतोल, मग एकंदर उजेड, मग वक्ररेषा, मग रंग आणि शेवटी धार व भिंगाचे दोष. उजेड जुळण्यापूर्वी रंग जुळविणे म्हणजे पाया बसण्याआधी भिंत रंगविणे होय. दोन्ही चित्रे एकाच पडद्यावर, एकाच आकारात शेजारी ठेवून पाहावीत. तथापि कंपन्या आपली सगळी कृती उघड करीत नाहीत. त्यामुळे अगदी तंतोतंत साम्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

मुख्य प्रश्न याच्या पुढचा आहे. कॅमेऱ्याचे जेपेग हेच सत्य, असे कोणी ठरविले? निसर्गदृश्याची छटा निवडली की पुष्कळ कॅमेरे हिरवा व निळा रंग गडद करतात, कारण तसे चित्र लोकांना आवडते. सहलीच्या चित्रात त्याने काही बिघडत नाही. परंतु देवरूखच्या लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालयासारख्या ठिकाणी जुन्या चित्रकारांची मूळ चित्रे आहेत. अशा एखाद्या जलरंगचित्राची प्रतिमा घ्यावयाची, तर ती कॅमेऱ्याच्या आवडीशी नव्हे, समोरच्या कागदाशी जुळली पाहिजे. यासाठी १९७६ पासून प्रचारात असलेला चोवीस चौकटींचा रंगफलक चित्राशेजारी त्याच उजेडात टिपतात आणि त्याच्या ठरलेल्या रंगांवरून रॉ फाईलचे रंग बसवितात. घरातील वडिलोपार्जित कागद किंवा आजीचे जुने लुगडे यांची नोंद करतानाही हाच नियम लागू पडतो. मूळ वस्तू पुढे विटेल, फाटेल. तेव्हा तिचा खरा रंग सांगणारी साक्ष एवढीच उरेल.

म्हणून दोन्ही फाईली जपाव्यात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. चौदा बिटांच्या रॉ नोंदीत १६,३८४ पायऱ्या मावतात. कॅमेऱ्याने काय दाखविले हे जेपेग सांगते. प्रकाशाने काय दिले होते हे रॉ फाईल राखून ठेवते. शिजलेल्या भाताचे पुन्हा तांदूळ होत नाहीत. आज ताटातला भात रुचकर लागला, म्हणून कणगीतले धान्य कोणी फेकून देत नाही. कॅमेऱ्याच्या जेपेगशी रॉ जुळविण्याची कला अवश्य शिकावी. तिने हात बसतो व नजर तयार होते. मात्र ती नजर अखेर पडद्यावरून उचलून समोरच्या वस्तूकडे वळली, तरच ते शिक्षण पुरे झाले म्हणावयाचे.