वहीतले गुणिजन

बंदिशीच्या अंतऱ्यात रचनाकार आपलं नाव गुंफतो, त्याला आम्ही मुद्रा म्हणतो. लातूरला गाणं शिकत असताना माझ्या वहीत ‘गुणिजन’ हा शब्द दोन-तीनदा आला होता. हे कोण, असं विचारलं तर उत्तर मिळालं, “गुणी लोक, दुसरं कोण?” पुढे कितीतरी वर्षं मीही माझ्या विद्यार्थ्यांना तेच सांगत आले.

मग नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीने तोच प्रश्न विचारला. रविवारी अर्धा तास गाण्याला, एवढीच तिला घरून सवलत. पण त्या उत्तराने तिचं समाधान होईना. शेवटी मी शोधायला बसले.

गुणिजन म्हणजे पं. चिंतामण रघुनाथ ऊर्फ सी. आर. व्यास. जन्म १९२४ चा, उस्मानाबादचा. लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा निघाला. त्याआधी तोच आमचा जिल्हा. म्हणजे मी गात होते ती बंदिश माझ्याच जिल्ह्यातल्या माणसाची!

घर संस्कृत आणि कीर्तनाचं. गुरू तीन: किराण्याचे गोविंदराव भातंब्रेकर, ग्वाल्हेरचे राजारामबुवा पराडकर आणि आग्र्याचे जगन्नाथबुवा पुरोहित. जोगकंस राग बांधणारे ते हेच बुवा. त्यांची मुद्रा ‘गुणिदास’, शिष्याची ‘गुणिजन’. नावातच अर्धा गुरू!

शिकवणारीला या बंदिशींचा मोठा आधार. स्थायी नीट बसली की रागाचं चलन वेगळं समजवावं लागत नाही. एके काळी बंदिश मुलीला आंदण द्यायची वस्तू होती, इतकी ती जपून ठेवत. व्यासांनी मात्र आपल्या रचना ‘रागसरिता’त छापून सगळ्यांना देऊन टाकल्या. मला हे त्यांच्या १९९२ च्या पद्मभूषणाहून मोठं वाटतं.

२००२ मध्ये ते गेले. नांदेडचे पं. नाथराव नेरळकर मराठवाड्यातच राहून शिकवत राहिले, त्यांना आपण ओळखतो. जो बाहेर गेला, त्याचं गाव मात्र आपण विसरलो.

हे सगळं त्या मुलीला सांगितलं. तिने पेन उघडलं आणि विचारलं, “मॅडम, उस्मानाबाद लिहू की धाराशिव?”

“दोन्ही लिही,” मी म्हटलं.

परीक्षा होईपर्यंत ती आता येणार नाही. वही मात्र घेऊन गेली आहे.