घरातला पाण्याचा फिल्टर : मांडणी, वापर आणि निगा
(शेतकरी बंधू-भगिनींसाठी नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



मृगाचा पाऊस झाला की आपण सगळे बी-बियाणे, खत आणि पेरणीच्या मागे लागतो. त्याच पंधरवड्यात विहिरीत आणि आडात नवे पाणी उतरते. ते एकटे येत नाही. उकिरडा, गोठा, गावाबाहेरची हागणदारी, सगळे धुऊन ते खाली येते. मग ऐन पेरणीत घरात हगवण, उलट्या, कावीळ शिरते. एक माणूस अंथरुणाला, दुसरा त्याला घेऊन दवाखान्यात, आणि रानात वापसा निघून जातो. घरात तान्हे लेकरू असेल तर प्रश्न वापशाचा राहत नाही, जिवाचा होतो. हगवणीने लहान मुलाच्या अंगातले पाणी एका दिवसातसुद्धा आटते.

म्हणून आज आपण बिनविजेच्या फिल्टरविषयी बोलणार आहोत. एकावर एक ठेवलेली दोन भांडी, वरच्या भांड्यात पांढऱ्या कॅन्डल आणि खालच्याला तोटी. पुष्कळ घरांत हा फिल्टर असतो, पण कोपऱ्यात धूळ खात पडलेला असतो, नाहीतर चुकीच्या रीतीने वापरला जातो. नीट वापरला तर तो चांगले काम देतो.

आपले पाणी कुठले?

लातूर–बार्शी रस्त्यावरच्या आपल्या मुरुड भागात पाण्याचे एकच ठिकाण नसते. कधी नळ, कधी बोअर, कधी शेतातली विहीर, आणि उन्हाळ्यात टँकर. एप्रिल २०१६ मध्ये तर मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरकरांची तहान भागवावी लागली, हे आपण विसरलेलो नाही. जलजीवन मिशनमधून २०१९ पासून घरोघरी नळ देण्याचे काम सुरू झाले. तरी नळाला रोज पाणी येईलच असे नाही. ते रांजणात, टाकीत साठवावे लागते. साठवलेल्या पाण्यात हात बुडतो, तांब्या बुडतो, आणि मुळात चांगले असलेले पाणीही घरात येऊन नासते. तेव्हा पाणी कुठलेही असो, शेवटची राखण घरातच करावी लागते.

फिल्टर काम कसे करतो?

पाटाचे पाणी उताराने सरीत जाते, त्याला ढकलावे लागत नाही. इथेही तसेच. वरच्या भांड्यातले पाणी स्वतःच्या भाराने कॅन्डलमधून खाली झिरपते. कॅन्डल भाजलेल्या चिनी मातीची असते आणि तिला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. चांगल्या कॅन्डलची छिद्रे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहून बारीक असतात. त्यामुळे गाळ अडतो आणि हगवणीचे बहुतेक जंतूही अडतात. भांडे भरलेले असताना पाणी भराभर झिरपते, पातळी उतरली की वेग मंदावतो. हा बिघाड नव्हे. एका कॅन्डलमधून तासाला साधारण लिटर-दीड लिटर पाणी मिळते. दोन कॅन्डल असल्या आणि रात्री भांडे भरून ठेवले, तर सकाळी पाच-सहा माणसांच्या पिण्यापुरते पाणी तयार असते.

गाळण्यात एवढी ताकद आहे का, असे कुणी विचारील. जर्मनीत हॅम्बुर्ग आणि अल्टोना ही दोन शहरे एकमेकांना लागून होती. दोन्ही एल्बे नदीचे पाणी पीत. हॅम्बुर्ग नदीच्या वरच्या अंगाला, अल्टोना खालच्या अंगाला. म्हणजे हॅम्बुर्गची घाण अल्टोनाच्या पाण्यात येई. पण अल्टोनात पाणी वाळूतून गाळून देत, हॅम्बुर्गमध्ये तसेच देत. १८९२ साली पटकीची साथ आली. हॅम्बुर्गमध्ये ८ हजारांहून जास्त माणसे दगावली आणि शेजारचे अल्टोना पुष्कळसे बचावले.

आपल्याकडचे उदाहरण नारूचे. पायरीच्या विहिरीतल्या पाण्यातून नारू होई, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. पाणी दाट कापडातून गाळायचे, पायऱ्यांच्या विहिरीत कुणी उतरायचे नाही, हातपंपाचे पाणी प्यायचे, असे गावोगाव सांगितले गेले. लोकांनी ते पाळले आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. नारूवर लस नव्हती. गाळणे आणि शिस्त यांनीच तो गेला.

मांडणी

१. हात साबणाने धुवा. दोन्ही भांडी आणि झाकण घासून स्वच्छ पाण्याने विसळा.

२. नवी कॅन्डल मऊ ब्रशने वाहत्या पाण्याखाली घासा. साबण, राख लावू नका, छिद्रे बुजतात. मग ती काही तास पाण्यात बुडवून ठेवा.

३. वरच्या भांड्याच्या बुडाला भोके असतात. कॅन्डलच्या दांडीत एक रबरी वायसर घालून दांडी भोकातून खाली काढा. खालून दुसरा वायसर घालून नट बसवा. नट हाताने घट्ट होईल इतकाच आवळा. पक्कड लावली तर कॅन्डलचे बूड तडकते.

४. एकच कॅन्डल लावायची असेल तर उरलेल्या भोकाला बूच हवेच. ते भोक उघडे राहिले तर कच्चे पाणी सरळ खाली उतरते.

५. तोटीलाही आतून-बाहेरून वायसर लावा.

६. फिल्टर घडवंचीवर किंवा पक्क्या ओट्यावर ठेवा. तोटीखाली तांब्या सहज मावला पाहिजे. चूल, ऊन आणि गुरांची जागा यांपासून दूर असावा.

७. पहिली दोन-तीन भांडी पाणी गाळून झाडाला घाला, पिऊ नका.

मांडून झाला की परीक्षा घ्या. वरच्या भांड्यात मुद्दाम गढूळ पाणी ओता. खाली नितळ पाणी आले तर मांडणी ठीक. गढूळ आले तर वायसर ढिला आहे, नाहीतर कॅन्डलला चीर आहे. परीक्षा झाली की दोन्ही भांडी धुऊन घ्या. दर महिन्याला एकदा अशी परीक्षा करावी.

वापर

वापराचा नियम एकच, तो लेकरांनाही पाठ करून द्या : वरचे भांडे विहिरीचे, खालचे भांडे घराचे. दोघांची भेट होऊ द्यायची नाही.

म्हणजे काय? खालच्या भांड्यात कच्चे पाणी ओतायचे नाही, घाई कितीही असो. खालच्या भांड्यात तांब्या बुडवायचा नाही, पाणी तोटीनेच घ्यायचे. ज्या तांब्याने वर पाणी ओतले तोच तोटीखाली धरायचा नाही. पाहुणे आले, फिल्टर रिकामा आहे, म्हणून रांजणातले पाणी खालच्या भांड्यात ओतले, की रात्रभराचे काम वाया गेले.

पावसाळ्यात पाणी फार गढूळ असते. ते थेट कॅन्डलवर घालू नका, कॅन्डल आठवड्यात चोंदेल. आधी घागरीत तुरटीचा खडा तीन-चार वेळा फिरवा, नाहीतर आपल्या आजीसारखी निवळीची बी घागरीच्या आतल्या अंगाला उगाळा. गाळ बसू द्या. मग वरचे निवळ पाणी जुन्या धुतलेल्या सुती लुगड्याच्या चार पदरी घडीतून वरच्या भांड्यात गाळा. ते फडके रोज धुऊन कडक उन्हात वाळवा.

खालचे भांडे अर्धे भरलेले असताना वरचे काठोकाठ भरू नका. दोन भांड्यांच्या सांध्यातून पाणी सांडते.

निगा

आठवड्यातून एकदा, किंवा पाणी फार हळू पडू लागले की, कॅन्डल काढून मऊ ब्रशने घासा. पावसाळ्यात दोनदा घासावी लागेल. पंधरा दिवसांनी कॅन्डल १५-२० मिनिटे पाण्यात उकळा आणि त्याच पाण्यात निवू द्या. गरम कॅन्डल गार पाण्यात टाकली तर तडकते. बूड प्लास्टिकचे असेल किंवा आत कोळशाची पूड असेल तर मात्र उकळू नका, डब्यावरच्या सूचना वाचून घ्या. खालचे भांडे आणि तोटी दर आठवड्याला धुवा. तोटीच्या आत बुळबुळीत थर बसतो, तो काढा.

घासून घासून कॅन्डल झिजते. पातळ झाली, टवका उडाला किंवा बारीक चीर दिसली तर बदला. तडकलेली कॅन्डल असण्यापेक्षा नसलेली बरी, कारण ती आपल्याला निर्धास्त करते.

फिल्टर काय करीत नाही?

हे नीट ऐका. साधी कॅन्डल जंतू अडवते, पण कावीळ करणारे विषाणू त्याहून फार बारीक असतात. ते आरपार जातात. गरोदर बाईला ही कावीळ कधी कधी प्राणावर बेतते. म्हणून पावसाळ्यात, गावात साथ असताना, घरात गरोदर बाई किंवा तान्हे मूल असताना गाळलेले पाणी उकळून प्या. खळखळा उकळी आल्यावर पाच मिनिटे ठेवा. ते जमत नसेल तर क्लोरीनचे थेंब वापरा. हे थेंब मेडिक्लोर, जीवन ड्रॉप अशा नावांनी मिळतात. खालच्या भांड्यात किती लिटर पाणी मावते ते एकदा मोजून ठेवा. ते भरले की बाटलीवर लिहिल्याइतकेच थेंब टाका आणि अर्धा तास थांबा. थेंब गाळल्यावरच टाकायचे. गढूळ पाण्यात औषधाचा जोर गाळावरच खर्च होतो.

दुसरी गोष्ट. बोअरचे जड पाणी, खारटपणा, नायट्रेट आणि फ्लोराईड या फिल्टरने जात नाहीत. ते पाण्यात विरघळलेले असतात. मीठ कधी कापडाने गाळून निघते का? पाणी उकळल्यानेही खारटपणा, नायट्रेट आणि फ्लोराईड जात नाहीत, उलट पाणी आटून प्रमाण वाढते. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात किनवट भागात फ्लोराईडचा त्रास आहे. मुलांच्या दातांवर पांढरे-पिवळे पट्टे दिसू लागले, मोठ्यांचे सांधे आखडू लागले, तर त्या पाण्याची तपासणी करून घ्या. लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराईड असलेले पाणी पिण्यास अयोग्य. तिथे दुसरी कॅन्डल आणून उपयोग नाही, दुसरी विहीर शोधावी लागते किंवा छपराचे पावसाचे पाणी साठवावे लागते. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ही तपासणी होते. जलजीवन मिशनमधून गावातल्या ५ महिलांना तपासणीची पेटी वापरायला शिकवण्याची सोय आहे. आपल्या गावात त्या कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा.

आणि विहिरीचे विसरू नका. घरात फिल्टर आहे म्हणून गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकली नाही तर चालते, असे नाही. आडातच घाण असेल तर पोहऱ्यात ती येणारच. जलसुरक्षकाला विचारा, पावडर कधी टाकली, ओटी तपासणी कधी केली? विचारण्याचा आपला हक्क आहे.

एवढे करूनही लेकराला हगवण लागली तर जलसंजीवनी सुरू करा. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहा. अंगावरचे दूध बंद करू नका. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, मूल सुस्त पडले तर वाट न बघता दवाखाना गाठा.

बंधू-भगिनींनो, बियाणे पेरण्याआधी आपण उगवणशक्ती तपासतो. तसेच मृग लागण्याआधी एक दिवस काढून फिल्टर उघडा, कॅन्डल घासा, वायसर पाहा, गढूळ पाण्याची परीक्षा घ्या. तासाभराचे काम आहे. आणि घरातल्या धाकट्यांना विचारून बघा : वरचे भांडे कुणाचे, खालचे कुणाचे? त्यांनी बरोबर सांगितले तर पावसाळ्याची निम्मी तयारी झाली समजा. रामराम.