स्वागताध्यक्षांचे भाषण

अध्यक्ष महोदय, राज्यभरातून आलेले संस्थांचे कार्यकर्ते, डिझाइनर मंडळी आणि जामखेडकर बंधुभगिनींनो,

आपले मनःपूर्वक स्वागत. जामखेडला रेल्वे नाही, हे एसटीत हाडे खिळखिळी झाल्यावर आपल्याला कळलेच असेल. पण अहिल्यादेवी १७२५ साली जन्मल्या त्या चौंडीत, आमच्याच तालुक्यात. १७९५ साली मराठ्यांनी निजामाला नमवले ते खर्ड्याला, खर्डाही आमचेच. इतिहासात फार शिरू नका, असे कार्यवाहांनी बजावले आहे, म्हणून किल्ल्याचे वर्णन राखून ठेवतो.

आरोळे दांपत्याबद्दल मात्र बोलणारच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल १९७० साली इथे आले. औषधांच्या आधी लोकांना पाणी हवे होते. डॉक्टरांनी हापसे घेतले, पण ते दलित वस्तीत बसतील असे पाहिले. घागर भरायची तर सगळ्या गावाला तिकडे जाणे आले. शिवाशिवीवर भाषणे पुष्कळ झाली होती. हापशाच्या जागेने जे केले ते भाषणांना जमले नव्हते. शिकलेल्या नर्सबाई खेड्यात टिकेनात, तेव्हा गावातल्याच बायकांना आरोग्य सेविका केले. पुष्कळ जणी निरक्षर, म्हणून शिकवणे चित्रांतून, गाण्यांतून. १९७९ साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता आपला विषय. यूएक्स म्हणजे काय, हे मला निमंत्रणपत्रिका छापताना समजावण्यात आले, निम्मे समजले. संस्थेचा फॉर्म, अ‍ॅप, दवाखान्यातली पाटी करण्याआधी ती वापरणाऱ्या बाईला विचारावे, एवढेच असेल तर आमच्या गावात ते पन्नास वर्षांपूर्वीच झाले आहे. देणगीदारांच्या अहवालासाठी केलेला फॉर्म सेविकेच्या डोक्यावर मारणे, हे काही डिझाइन नव्हे.

व्यवस्थेत उणिवा आहेत. पंखे कमी पडले, नळाला पाणी सकाळीच येते, काहींची सोय शाळेच्या वर्गात करावी लागली. क्षमा असावी. मंडपवाल्यांनी निम्मे भाडे सोडले, व्यापारी मंडळींनी साखर-तेल दिले, दूध सोसायटीने दूध, महिला बचत गटांनी भाकरी, आणि एका दात्याने नाव न सांगण्याच्या अटीवर मोठी रक्कम दिली. त्यांचे नाव गावात सर्वांना ठाऊक आहे, त्यांचेही आभार.

एक विनंती. सतरंज्या मागून आणल्या आहेत, त्यांवर चहा सांडू नये.