क्लिनिकमध्ये हाका मारणं बंद करायचंय? डेंटल क्लिनिकसाठी वॉकीटॉकी कसा निवडावा

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हे काय भलतंच. दातांच्या दवाखान्यात वॉकीटॉकी? तो तर वॉचमनकडे असतो, नाहीतर गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॅफिकवाल्यांकडे. पण थांबा. तुमच्या ओळखीत कोणी डेंटिस्ट असेल, किंवा तुम्ही स्वतः एखाद्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला किंवा असिस्टंट म्हणून असाल, तर हा भाग शेवटपर्यंत ऐका. यात थोडं फिजिक्स आहे, थोडा कायदा आहे, आणि माणसांनी एकमेकांशी कसं बोलावं हेही आहे.

मी सॉफ्टवेअरवाला. दातांशी माझा संबंध एवढाच की माझी ताई डेंटिस्ट आहे. तिचं क्लिनिक आधी एका गाळ्यात होतं, एक खुर्ची, एक असिस्टंट. तेव्हा मान वळवून बोललं की काम व्हायचं. आता तीन खुर्च्या, वेगळी एक्स-रे रूम, मागे ऑटोक्लेव्हची खोली, आणि रिसेप्शन एक मजला खाली. मग सुरू झाल्या हाका. "अगं, दोन नंबरला अल्जिनेट आण!" "खाली कोण आलंय?" "पुढच्या पेशंटला वर पाठव!"

एका शनिवारी मी तिथे लॅपटॉप घेऊन बसलो होतो, तेव्हा सहज मोजलं. एका तासात असिस्टंट फक्त निरोप द्यायला अकरा वेळा जिना उतरली. म्हणजे अकरा वेळा ग्लोव्ह्ज काढले, अकरा वेळा नवे घातले. आणि खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवून छताकडे बघत पडलेला.

हा झाला वेळेचा प्रश्न. खरा प्रश्न वेगळा आहे. इंजेक्शन दिल्यावर काही पेशंटना भीतीने चक्कर येते. डेंटिस्टसाठी ही नेहमीची गोष्ट आहे. खुर्ची आडवी करायची, पाय वर घ्यायचे, लागला तर ऑक्सिजन, आणि बहुतेक वेळा माणूस काही मिनिटांत ठीक होतो. ताईकडे असंच झालं. तिने हाक मारली, पण असिस्टंट मागच्या खोलीत, कॉम्प्रेसर चालू, दार बंद. तिला ऐकूच गेलं नाही. पेशंटला सोडून ताई जाऊ शकत नव्हती. शेवटी वेटिंगमधल्या एका काकांनी धावत जाऊन असिस्टंटला बोलावलं. पेशंट पाच मिनिटांत बरा झाला, चहा पिऊन घरी गेला. पण ताई त्या रात्री मला म्हणाली, "हे दर वेळी इतकं सोपं नसेल रे."

आता पहिला प्रश्न : मोबाईल आहे की, मग हे कशाला? बरोबर आहे. पण मोबाईलवर बोलायचं म्हणजे खिशातून काढा, अनलॉक करा, नंबर लावा, समोरच्याने उचलेपर्यंत थांबा. हातात ग्लोव्ह्ज, ग्लोव्ह्जवर लाळ आणि रक्त. त्याच हाताने फोन धरणार? व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला तर तो कधी वाचला जाईल सांगता येत नाही. इंटरनेटवरून चालणारी पुश-टू-टॉक ॲप आहेत, ती वाईट नाहीत, पण वाय-फाय गेलं की ती गेली. इंटरकॉम चांगला, पण तो भिंतीला असतो आणि माणूस खुर्चीजवळ. बेल स्वस्त, पण बेल एवढंच सांगते की "ये". कशाला, काय घेऊन, हे सांगत नाही.

म्हणून आधी हे ठरवा की तुम्हाला खरंच गरज आहे का. एक खुर्ची आणि एकच मजला असेल तर बेल पुरे. पैसे वाचवा. दोनपेक्षा जास्त खोल्या, दोन मजले किंवा चारपेक्षा जास्त स्टाफ असेल तर पुढचं ऐका.

वॉकीटॉकी चालतो कसा? बटण दाबलं की तुमचा आवाज एकाच वेळी सगळ्यांना जातो. पण एका वेळी एकानेच बोलायचं. कोडिंग करणाऱ्यांना सांगतो, हे म्यूटेक्ससारखं आहे. लॉक एकाकडे, बाकीचे थांबतात. दोघांनी एकदम बटण दाबलं की खरखर. म्हणून बटण दाबायचं, अर्धा सेकंद थांबायचं आणि मग बोलायचं. नाहीतर पहिला शब्द कापला जातो. "ऑक्सिजन आण" मधलं फक्त "आण" पोचलं तर काय उपयोग?

आता कायदा. इथे बरेच लोक फसतात, म्हणून नीट ऐका. भारतात कुठलीही फ्रिक्वेन्सी मनाला येईल तशी वापरता येत नाही. ती दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेच्या अखत्यारीत येते. कमी ताकदीच्या सेटसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा छोटा पट्टा लायसन्समधून मोकळा ठेवलाय. २०१८ च्या नियमांत ही सूट आहे. त्या पट्ट्यातला आणि ठरवलेल्या ताकदीतला सेट लायसन्सशिवाय वापरता येतो. पण त्या मॉडेलला डब्ल्यूपीसीची ईटीए, म्हणजे उपकरणाची मंजुरी, असायला हवी.

बाजारात मात्र काय मिळतं? पाच वॉटचे, ४०० ते ४७० मेगाहर्ट्झमध्ये कुठेही ट्यून होणारे स्वस्त सेट. दुकानदार म्हणतो, "साहेब, सगळे हेच वापरतात." वापरत असतील. पण असा सेट लायसन्सशिवाय चालवणं बेकायदेशीर आहे, आणि तुमची बडबड पोलिसांच्या किंवा इतर कोणाच्या वायरलेसमध्ये घुसू शकते. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या प्लॅटफॉर्म्सना याच कारणासाठी नोटिसा काढल्या, आणि वॉकीटॉकीच्या विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही आणली. म्हणजे वेबसाइटवर दिसतंय म्हणून ते कायदेशीर आहे, असं समजू नका.

आणि हो, अमेरिकेतल्या दादाला "येताना दोन सेट घेऊन ये" सांगायचा मोह आवरा. तिथले घरगुती सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात. तिथे ते बिनलायसन्सचे, पण इथे तो पट्टा मोकळा नाही. युरोपातला ४४६ वाला प्रकार आपल्या पट्ट्याशी जुळतो, पण ईटीएची अट त्यालाही आहेच. विकणाऱ्याकडे दोन गोष्टी मागा : मॉडेलचं ईटीए प्रमाणपत्र आणि फ्रिक्वेन्सी लिहिलेलं बिल. टाळाटाळ केली तर दुसरं दुकान बघा.

पुढचा मुद्दा रेंजचा. डबीवर "पाच किलोमीटर" लिहिलेलं असतं. ते मोकळ्या माळावर, मध्ये काही नसताना. तुमच्याकडे आरसीसीचा स्लॅब आहे, लोखंडी जिना आहे, एक्स-रे रूमच्या भिंतीत शिसं असू शकतं. ४४६ मेगाहर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण ६७ सेंटीमीटर. ती दारातून, जिन्याच्या मोकळ्या जागेतून बऱ्यापैकी शिरते. १५० मेगाहर्ट्झच्या आसपासची लाट दोन मीटरची असते. ती मोकळ्या रानात छान, इमारतीत तितकी नाही. क्लिनिकला किलोमीटर नकोच आहेत, दोन मजले हवेत. त्यामुळे कमी ताकदीचा सेट इथे बहुतेक वेळा पुरतो. पण आधी दोनच सेट घ्या किंवा डेमो मागा. सगळी दारं बंद करा, कॉम्प्रेसर, सक्शन आणि एअरोटर चालू करा, आणि एकाने प्रत्येक कोपऱ्यात उभं राहून एक ते दहा आकडे म्हणा. आकडे स्पष्ट आले तरच बाकीचे सेट घ्या.

चॅनेलचा हिशोबही समजून घ्या. त्या पट्ट्याची रुंदी ०.२ मेगाहर्ट्झ, म्हणजे २०० किलोहर्ट्झ. एका चॅनेलला १२.५ किलोहर्ट्झ लागले तर होतात १६ चॅनेल. मग डबीवर "६०८ चॅनेल" कुठून येतात? १६ गुणिले ३८ प्रायव्हसी कोड. आणि हा प्रायव्हसी कोड नावापुरताच. तो फक्त तुमच्या सेटला सांगतो की दुसऱ्या कोडचा आवाज स्पीकरवर आणू नकोस. तुमचं बोलणं लपवत नाही. खालच्या दुकानातला माणूस त्याच चॅनेलवर कोड बंद करून बसला, तर त्याला सगळं ऐकू जातं.

म्हणून रेडिओवर पेशंटचं नाव घ्यायचं नाही. आजाराचं तर मुळीच नाही. समजा एखाद्याच्या फाइलमध्ये हिपॅटायटिसची नोंद आहे, आणि असिस्टंटने रेडिओवर नावासकट ती सांगितली. खाली रिसेप्शनचा सेट स्पीकरवर आहे, आणि वेटिंगमध्ये त्याच्याच सोसायटीतले लोक बसलेत. त्या माणसाने तुमच्यावर विश्वास ठेवून ती गोष्ट सांगितली होती. तो विश्वास एका वाक्यात गेला. "खुर्ची दोन", "साडेअकराचा पेशंट", "फाइल बघा", एवढंच बोलायचं. बाकीचं समोरासमोर.

त्यातूनच पुढची गोष्ट येते : इअरपीस हवाच. स्पीकरवर चालवायचं असेल तर हाका काय वाईट होत्या? कानात नळी जाते तो पारदर्शक प्रकार चांगला, कारण पेशंटला खरखर ऐकू येत नाही आणि दुसरा कान पेशंटसाठी मोकळा राहतो. प्रत्येकाचा इअरपीस वेगळा. एकाचा दुसऱ्याने घालायचा नाही. आपण दवाखान्यात आहोत, हे विसरू नका.

सेट कमरेला, बटण कॉलरजवळ क्लिपवर. त्या बटणाला प्लॅस्टिकचं कव्हर लावा आणि प्रत्येक पेशंटनंतर बदला, जसं लाइटच्या हँडलचं बदलता. सेट पुसता येईल असा गुळगुळीत हवा. आयपी५४ किंवा त्याहून वरचं रेटिंग बघा, म्हणजे धूळ आणि पाण्याचे शिंतोडे सहन होतात. मात्र त्याला स्पिरिटची पुसणी चालते का, हे कंपनीला वेगळं विचारा. आवाजाने आपोआप सुरू होणारा मोड, म्हणजे व्हॉक्स, बंद ठेवा. सक्शन सुरू झालं की तो समजतो कोणीतरी बोलतंय, आणि चॅनेल अडवून बसतो.

बॅटरीचं गणितही बघा. कंपनी जे तास सांगते ते बहुतेक वेळा ५-५-९० या हिशोबाने असतात. म्हणजे पाच टक्के वेळ बोलणं, पाच टक्के ऐकणं, नव्वद टक्के शांत. तुमचा स्टाफ जास्त बोलत असेल तर बॅटरी लवकर उतरणार. सगळे सेट एकत्र चार्ज होतील असा स्टँड घ्या, आणि रात्री सेट त्यात ठेवायचं काम एकाच माणसाकडे द्या. "कोणीतरी ठेवेल" म्हणालात की सकाळी सगळे सेट मेलेले.

आता शेवटचा मुद्दा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. ताईकडे सेट आले तेव्हा असिस्टंट मला हळूच म्हणाली, "दादा, आता मॅडम दिवसभर कानात बसणार." ती गमतीत बोलली, पण खरं बोलली. कानातला आवाज टाळता येत नाही. डॉक्टरांनी दर दोन मिनिटांनी बटण दाबलं तर तो पट्टा गळ्यात बांधल्यासारखा वाटतो.

म्हणून त्या सगळ्यांनी बसून तीन नियम केले. एक, जेवणाच्या सुट्टीत इअरपीस काढायचा आणि त्या वेळी कोणी हाक मारायची नाही. दोन, असिस्टंट "थांबा" म्हणाली तर डॉक्टरांनीही थांबायचं, कारण तिच्या हातात त्या वेळी काय आहे हे तिलाच माहीत. तीन, "लाल, खुर्ची अमुक" हे शब्द ऐकले की बाकी सगळ्यांनी बोलणं बंद. एकीने ऑक्सिजन आणि औषधांची पेटी घेऊन जायचं, रिसेप्शनने ॲम्ब्युलन्सचा नंबर, म्हणजे १०८, तयार ठेवायचा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, पेशंट यायच्या आधी, याची तालीम होते. तालमीत सफाईच्या मावशीही असतात, कारण बऱ्याचदा पेटीच्या सगळ्यात जवळ त्याच असतात.

सेट घेऊन कपाटात ठेवलेले बरेच दिसतात. तालीम नसेल तर तुमचेही तिथेच जातील.

तर थोडक्यात : गरज तपासा, ४४६ चा पट्टा आणि ईटीए बघा, आपल्याच इमारतीत चाचणी घ्या, प्रत्येकाला स्वतःचा इअरपीस द्या, पेशंटचं नाव रेडिओवर आणू नका, आणि नियम स्टाफला विचारून करा. तुमच्या क्लिनिकमध्ये, दुकानात किंवा हॉटेलात निरोप कसे पोचतात ते कमेंटमध्ये नक्की लिहा. हा भाग एखाद्या डेंटिस्ट मित्राला पाठवा, आणि त्याच्या असिस्टंटलाही. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, रात्री ब्रश करायला विसरू नका. हे ताईने सांगायला लावलंय!